माळ्यावरचा डबा : पुराच्या दिवसांसाठी अंतराळातली खिचडी

मे महिन्यात आमच्या गच्चीवर कुरडया, सांडगे आणि खिचडी अशी तीन वाळवणं शेजारी शेजारी असतात. नवीन माणूस वर आला की खिचडीच्या ताटापाशी थबकतो. "काकू, ही उन्हात विसरली का?" विसरत नाही हो. मुद्दाम वाळत घातलेली असते, आणि वटपौर्णिमेच्या आत तिची पाकिटं माळ्यावर जातात. मी वाळवणाच्या ऑर्डरी घेते, त्यामुळे ही खिचडी कशी करायची ते आजवर फोनवर तुकड्या-तुकड्यांनी पन्नास जणींना सांगून झालंय. आता एकदा सगळं लिहूनच काढते.

आम्ही सांगलीत गावभागात राहतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आमचा खालचा मजला बुडाला आणि वरच्या दोन खोल्यांत आम्ही नऊ माणसं चार दिवस होतो. सिलिंडर खालीच राहिला. वर काय होतं, तर दोन किलो भडंग, बिस्किटांचे पुडे आणि कुणीतरी साताऱ्याहून आणलेले कंदी पेढे. पहिल्या दिवशी पोरांना सहलीसारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी भडंगाचा चुरा अंथरुणाअंथरुणात, त्यावर मुंग्यांची रांग, तिखटाने सगळ्यांना तहान आणि प्यायचं पाणी मोजून. तिसऱ्या दिवशी बोटीतून पुरीभाजी आली ती आंबलेली. पाठवणाऱ्याला दोष देत नाही, पण गरम भाजी प्लॅस्टिकमध्ये बांधून दिवसभर फिरवली की दुसरं काय होणार?

पुढच्या वर्षी लॉकडाऊनमध्ये हातात वेळ होता. अंतराळवीर काय खातात ते वाचताना एकदम जाणवलं की त्यांच्या अडचणी आमच्या त्या चार दिवसांच्याच आहेत. चूल पेटवायची सोय नाही, जेवणासाठी धड फ्रिज नाही, पाणी मोजकं, बाहेर जाता येत नाही, आणि सांडलेला प्रत्येक कण त्रास देणार. मग म्हटलं, त्यांनी साठ वर्षं डोकं लावून जे शोधलंय त्यातलं आपल्या गच्चीवर काय जमतं ते बघू.

पाणी काढायचं, मग पाणी घालायचं

१९६१ मध्ये युरी गागारिन वर गेला तेव्हा त्याने मांसाचा लगदा आणि चॉकलेट टूथपेस्टसारख्या ट्यूबमधून पिळून खाल्लं. तिथपासून आजपर्यंत पुष्कळ सुधारणा झाल्या, पण मोठी युक्ती एकच: शिजवलेल्या अन्नातलं पाणी काढून टाकायचं म्हणजे ते टिकतं आणि वजनाला हलकं होतं, आणि खायच्या वेळी पाणी परत घालायचं.

माझं माहेर तासगावकडचं, म्हणून मला हे ऐकून हसूच आलं. भावाच्या बेदाण्याच्या रॅकवर दुसरं काय चालतं? द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढायची, म्हणजे सालीवरचा मेणाचा थर सैल होतो आणि आतलं पाणी लवकर उडतं. मग सावलीच्या जाळीखाली रॅकवर पसरायची. पंधरा दिवसांत चार किलो द्राक्षांचा किलोभर बेदाणा. पाणी गेलं की बुरशीला आणि जंतूंना वाढायला जागा राहत नाही.

फरक एवढाच की अंतराळातलं बरंचसं अन्न उन्हात वाळवत नाहीत. ते आधी गोठवतात, मग हवा काढून घेतलेल्या पेटीत ठेवतात. तिथे बर्फ वितळत नाही, त्याची थेट वाफ होते. बर्फाच्या जागी बारीक बारीक भोकं राहतात आणि पदार्थ स्पंजासारखा होतो, म्हणून गरम पाणी घातलं की काही मिनिटांत फुलतो. उन्हात वाळवलेला पदार्थ मात्र आकसतो. वाटाणे अख्खे शिजवून उन्हात वाळवले तर बंदुकीचे छर्रे होतात. पहिल्या वर्षी मी तेच केलं. तासभर गरम पाण्यात ठेवूनही दाताखाली कट्कन वाजले आणि ह्यांची दाढ दुखायला लागली.

ती पेटी आपल्याकडे नाही, पण फ्रीझर आहे. शिजवलेला भात पातळ पसरून रात्रभर गोठवला की आतल्या पाण्याचा बर्फ होतो, बर्फ फुगतो आणि दाण्याला आतून भेगा पडतात. नंतर तो उन्हात वाळवला तरी पाणी पटकन पितो. पेटीची बरोबरी होत नाही, पण साध्या उन्हाच्या वाळवणाच्या मानाने फरक चांगला जाणवतो.

खिचडी

२०० ग्रॅम जुना तांदूळ आणि १०० ग्रॅम सालीची नाही तर पिवळी मुगाची डाळ. नवा तांदूळ चिकट होतो, तो नको. हळद, हिंग, जिरेपूड, मीठ पाण्यातच घालायचं. फोडणी नाही. तेल अजिबात नाही. हे मी ठासून सांगते, कारण दुसऱ्या खेपेला मी मोहरीची फोडणी आणि वर ओलं खोबरं घालून झकास खिचडी वाळवली होती. दीड महिन्यात पाकीट उघडलं तर असा खवट वास की कामवाल्या मावशी म्हणाल्या, "वैनी, जुना रंगाचा डबा उघडलाय का?" पाणी काढलं म्हणून तेल टिकत नाही. तेल वेगळ्या बाटलीत ठेवायचं आणि खाताना वरून घालायचं.

कुकरमधून काढली की खिचडी थांबवून ठेवायची नाही. शिजलेला भात रात्रभर कोमट राहिला तर त्यात जे जंतू वाढतात त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून लगेच स्टीलच्या ताटांत बोटाच्या अर्ध्या पेराइतकी पातळ पसरते, पंख्याखाली दहा-पंधरा मिनिटं ठेवते आणि वाफ गेली की थेट फ्रीझरमध्ये. घरचा फ्रीझर लहान असतो, तेव्हा एका वेळी दोन ताटं, त्याहून जास्त हव्यास नको.

सकाळी साडेआठला ताटं गच्चीवर. वर मलमलचं ओढणीसारखं कापड, चारी कोपऱ्यांना चिमटे. ताटाखाली पाण्याच्या वाट्या, मुंग्यांसाठी. तासाभराने बर्फ सुटला की काट्याने हलक्या हाताने मोकळी करायची. दाणा मोडू द्यायचा नाही, पण गोळाही राहू द्यायचा नाही, कारण गोळ्याच्या पोटात ओल राहते आणि सगळं पाकीट त्या एका गोळ्यापायी जातं. एप्रिल-मेच्या आमच्या उन्हात संध्याकाळपर्यंत बहुतेक काम होतं. ढग आले तर वाट बघायची नाही. ओव्हन असेल तर ६०-७० अंशांवर दार किंचित उघडं ठेवून तिथेच पूर्ण करायची.

वाळली की नाही हे डोळ्याने कळत नाही. चार दाणे खलबत्त्यात घालून ठेचा. पीठ झालं तर वाळली, चपटी झाली तर नाही. मग काचेच्या कोरड्या बरणीत भरून झाकण घट्ट लावा आणि रात्रभर ठेवा. सकाळी काचेला आतून नुसता धुरकटपणा दिसला तरी पुन्हा उन्हात. ही बरणीची परीक्षा मी कधी चुकवत नाही, ऑर्डर कितीही घाईची असली तरी.

३०० ग्रॅम कच्च्या मालाची वाळवून जवळपास तेवढीच खिचडी भरते. एका माणसाला एका वेळेला १०० ग्रॅम, त्याला दोन वाट्या उकळतं पाणी, घट्ट झाकण आणि वीस मिनिटं. वरून चमचाभर तेल किंवा तूप. चार दिवस, पाच माणसं, एक वेळ, असं धरलं तर वीस पाकिटं म्हणजे दोन किलो. एका पत्र्याच्या डब्यात आरामात मावतात.

पिठलं, आणि बेसनाने घातलेला गोंधळ

पिठल्याचं कोरडं मिश्रण मी आधी भाजलेल्या बेसनाचं करत होते. नुसतं उकळतं पाणी घालून ते कच्चटच लागतं आणि पोट धरतं. मग पंढरपुरी डाळं सुचलं. ते मुळातच भाजलेलं असतं. दोन वाट्या डाळ्याचं पीठ, त्यात वाळवलेल्या लसणाची पूड, तिखट, हळद, हिंग, जिरं, आमचूर, मीठ. चार चमचे पीठ आणि कपभर उकळतं पाणी, गुठळ्या मोडत घोटायचं. बेसनाची सर नाही, हे कबूल. पण गॅसशिवाय पिठलं मिळतंय, आणि डाळीची प्रथिनं पोटात जातायत. हेच पीठ मीठ-तिखट न घालता गूळ आणि गार पाण्यात कालवलं की लहान पोरांची न्याहारी होते.

गरम पाणीच नसेल तर पोहे. पोहे म्हणजे आधीच भिजवून, भाजून, चेपून ठेवलेला भात. अंतराळवाल्यांना हा पदार्थ आपण फार आधी देऊ शकलो असतो, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. गार पाण्यात पाच मिनिटांत मऊ.

चुरा

१९६५ च्या मार्चमध्ये जेमिनी ३ यानातून जॉन यंगने खिशात लपवून सँडविच नेलं होतं. सोबत्याने एक घास घेतला आणि पावाचे कण यानभर तरंगायला लागले. लगेच सँडविच खिशात परत. त्यावरून पुढे अमेरिकेच्या संसदेत चौकशीचे प्रश्नसुद्धा विचारले गेले. गुरुत्वाकर्षण जाणवत नाही तिथे कण खाली पडत नाही, तो डोळ्यात जातो, नाकात जातो, यंत्रात शिरतो. पुढे १९८५ मध्ये मेक्सिकोचा अंतराळवीर रोडोल्फो नेरी वेला आपल्या टॉर्टिया घेऊन गेला, आणि तेव्हापासून तिथे पावाऐवजी त्याच चालतात. टॉर्टिया म्हणजे थोडक्यात मक्याची किंवा गव्हाची पोळीच. चुरा पडत नाही, वर काहीही ठेवून गुंडाळी करता येते. मीठही तिथे पाण्यात विरघळवून देतात आणि मिरपूड तेलात.

यावरून मी घरात नियम केला: डब्यात भडंग, फरसाण, खाकरे, कडक भाकरी काही नाही. शेंगदाण्याच्या चटणीत तेल चोळून तिचा ओलसर गोळा होईल अशी करायची, तीही डब्यात न ठेवता जून लागला की ताजी करून छोट्या बरणीत. पूर येणार असं दिसायला लागलं, कोयनेचा विसर्ग वाढल्याच्या बातम्या आल्या, की दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या लाटून घेते. दोन दिवस मऊ राहतात, कण सांडत नाहीत.

भडंग मला प्राणप्रिय आहे. पण नऊ माणसांच्या खोलीत नाही.

चव का लागत नाही

तिथे शरीरातलं पाणी डोक्याकडे सरकतं, नाक चोंदल्यासारखं होतं आणि जेवण सपक लागतं, म्हणून अंतराळवीर तिखट सॉस मागतात. पुरात नाक चोंदत नाही, पण तिसऱ्या दिवशी घास फिरायला लागतो, कारण रोज तेच. लांबच्या मोहिमांत हा मोठाच प्रश्न आहे. एकाच चवीला कंटाळून माणसं कमी खातात आणि वजन घटतं. म्हणून खिचडी एकाच चवीची करू नका. मी तीन करते: साधी, गोडा मसाल्याची, आणि टोमॅटोची पूड घातलेली आंबट. शिवाय लिंबाचं मुरलेलं लोणचं. सासूबाईंचं एक सात वर्षांचं आहे, काळं झालेलं, मधासारखं. मंगळावर जाऊन यायला साधारण तीन वर्षं लागतील आणि त्यासाठी पाच वर्षं टिकेल असं अन्न हवं, यावर शास्त्रज्ञ काम करतायत. लोणच्यापुरतं तरी सासूबाईंनी ते काम उरकलेलं आहे.

जीवनसत्त्वांचं मात्र तसं नाही. साठवणीत सी आणि बी-१ हळूहळू कमी होत जातात, म्हणजे पाकीट दिसायला चांगलं आणि आत पोषण उतरलेलं. म्हणूनच अंतराळस्थानकात भाज्या उगवून बघतात. २०१५ मध्ये तिथे पिकवलेलं लाल लेट्यूस पहिल्यांदा त्यांनी खाल्लं. आपले शुभांशु शुक्ला जून २०२५ मध्ये गेले तेव्हा त्यांच्या प्रयोगांत मूग आणि मेथीला मोड आणायचा एक प्रयोग होता, आपल्या शेजारच्या धारवाडच्या शास्त्रज्ञांचा. नातवाने ते टीव्हीवर पाहिलं आणि म्हणाला, "आज्जे, तुझी उसळ गेली की वर!"

कोरड्या मुगात सी जीवनसत्त्व नसल्यातच जमा असतं, मोड आले की ते तयार होतं. म्हणून डब्यात अर्धा किलो मूग असतो. उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवायचे, ओल्या फडक्यात बांधायचे, दीड दिवसात मोड. पण पुराच्या दिवसांत कच्चे खाऊ नका. मोड आणणारी ऊब जंतूंनाही आवडते. थरमॉसमधल्या उकळत्या पाण्यात पाच मिनिटं तरी बुडवून घ्या. सी थोडं जाईल, जाऊ दे. जोडीला आवळ्याची सुकी सुपारी.

शुक्लांनी आमरसही नेला होता, गाजराचा आणि मूगडाळीचा हलवाही. त्याआधी १९८४ मध्ये राकेश शर्मांसाठी म्हैसूरच्या संरक्षण खात्याच्या अन्न प्रयोगशाळेने रव्याचा हलवा, आलू-छोले, पुलाव करून दिला होता. आमरसासाठी मी रायवळ आंब्याची पोळी वाळवते, तुपाचा हात लावलेल्या ताटात पातळ, तीन उन्हं. तिचे तुकडे कोमट पाण्यात तासभर ठेवून घुसळले की रस होतो. ताज्या रसाच्या पंगतीला बसवू नका तिला, पण पावसात अंधारात बसलेल्या पोराला ती वाटी पुरते.

लोक विचारतात, पुढे गोळी खाऊनच पोट भरेल ना? हिशोब करून बघा. माणसाला दिवसाला दोन हजार कॅलरी धरल्या आणि नुसतं तूप खाल्लं, जे सगळ्यांत दाट, ग्रॅमला नऊ कॅलरी, तरी सव्वादोनशे ग्रॅम लागतं. एवढी गोळी गिळून दाखवा.

पाकिटं, टिकल्या आणि पाणी

बेदाण्याला वापरतात तीच जाड पाकिटं आणि हाताने दाबायचं सीलिंग मशीन मी भावाकडून आणलं. हवा दाबून काढायची, मगच सील. अंतराळयानात कोणतं पाकीट कोणाचं हे कळावं म्हणून रंगीत ठिपके लावत. मी टिकल्या लावते. ह्यांना रक्तदाब, म्हणून कमी मिठाची लाल टिकली. अंतराळवीरांच्या जेवणातलंही मीठ कमी केलंय, तिथे हाडं झिजतात आणि जास्त मीठ त्यात भर घालतं. नातवाची बिनतिखटाची हिरवी, बाकीच्यांची काळी. पाकिटावर महिना आणि पाण्याचं माप पेनने लिहायचं. अंधारात, घाईत, कुणाला काही आठवत नाही.

आणि पाणी. कोरडं अन्न म्हणजे पाण्याचं कर्ज. माणशी दिवसाला तीन लिटर धरते, प्यायला आणि भिजवायला मिळून. पाच माणसं, चार दिवस, साठ लिटर, म्हणजे वीस लिटरचे तीन जार, वरच्या मजल्यावर. अंतराळस्थानकात घाम आणि लघवीसकट ९८ टक्के पाणी शुद्ध करून परत वापरतात. आपण तेवढ्यावर यायला नको म्हणून जार आधीच भरा. दोन मोठे थरमॉस आणि छोटा कॅम्पिंगचा स्टोव्ह जवळ ठेवा.

एक गोष्ट करू नका: ओली भाजी, आमटी बरणीत भरून घरच्या कुकरमध्ये उकळून महिनोन्महिने ठेवायचा प्रयोग. तयार पाकिटांतल्या ओल्या भाज्या कारखान्यात १२१ अंशांच्या आसपास मोजून-मापून तापवतात. घरी ते माप चुकलं तर जे विष तयार होतं त्याला वासही नसतो आणि चवही.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं तेव्हा डबा पहिल्यांदा उतरवला. रात्री साडेआठ, लाइट गेलेली, मेणबत्तीपाशी पाच स्टीलचे डबे झाकून ठेवलेले. ह्यांनी घड्याळ लावलं होतं. वीस मिनिटांनी झाकण उघडलं, वाफ आली, हळद-हिंगाचा वास आला. दाणा जरा चिवट होता, कारण तेव्हा मला फ्रीझरची युक्ती माहीत नव्हती. सुनेने तूप घातलं. कोणी काही बोललं नाही, डबे पुसून खाल्ले. मग ह्यांनी विचारलं, "लोणचं वर आणलंय का?" ते खालीच राहिलं होतं.

तेव्हापासून बरणी डब्यातच असते.

डबा वर्षभर तसाच ठेवायचा नाही. वटपौर्णिमेच्या आत भरायचा, खंडेनवमीला खाली उतरवायचा, उरलेली पाकिटं दिवाळीच्या आत संपवायची. गेल्या वर्षी अकरा उरली होती. नऊ आम्ही खाल्ली. दोन नातवाने शाळेत नेली आणि "अंतराळातली खिचडी" म्हणून चमच्याला दोन रुपये घेतले, हे मला त्याच्या मित्राच्या आईकडून कळलं.